रिकामं कार्ड

जळोची, ३ ऑगस्ट २०२५

अहो,

सप्रेम जयभीम. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र आज पहिल्यांदा लिहितेय. मे महिन्यात तुमच्या आईंकडे कळसला निघताना तुम्ही म्हणालात, थोडे दिवस मला फोन करू नकोस. मी केला नाही. जुलैत केला तर तुमचा नंबर बंद. आईंकडे फोन नाही. शेजारच्या कुंडलिकतात्यांच्या फोनवर तुम्हाला बोलावून घ्यायचं म्हणजे आपल्या घरात काय चाललंय ते अख्ख्या गावाला सांगण्यासारखं. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली.

माझाही नंबर बदललाय. जुन्या सिमला घरात रेंज येत नव्हती. नवा नंबर कागदाच्या मागं लिहिलाय.

घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगते.

कार्डाचं कळवायचं होतं. मुलासाठीच्या पहिल्या दोन ट्रीटमेंटला शिल्लक आणि माझं सोनं गेलं, तिसरीच्या वेळी पुण्याच्या दवाखान्यात आपण माझं कार्ड घासलं. एक लाख एकेचाळीस हजार झाले होते. दर महिन्याला कमीत कमी जेवढे भरावे लागतात तेवढे आपण भरत होतो आणि आकडा जागचा हलत नव्हता. आता कळलं का ते. व्याजच महिन्याला साडेतीन टक्के. भरलेलं सगळं व्याजात जात होतं.

माझा पगार होतो त्या बँकेचं एक कार्ड कपाटात नुसतं पडून होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, जुन्या कार्डाची बाकी या कार्डावर ओढून घेता येते. बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. सहा महिने व्याज महिन्याला टक्क्याच्या आत. फी दोन टक्के, ती लगेच. अट अशी की एकही हप्ता चुकवायचा नाही आणि जानेवारीअखेर सगळं फेडायचं. जे राहील त्याला पुन्हा पहिल्यासारखं व्याज.

मी सही केली. तीन-चार दिवसांनी त्या बाईंचा फोन आला, "मॅडम, ट्रान्सफर झालं." गर्भ आत सोडल्यावर पुण्याच्या डॉक्टरीणबाई अगदी याच शब्दांत म्हणाल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर पंधरा दिवस मी जिना चढले नव्हते. फोनवर बँकेतल्या बाई हॅलो हॅलो करत होत्या.

तर जुनं कार्ड आता रिकामं आहे. मी ते कात्रीनं कापून टाकलं. नवीन कार्डाचे हप्ते माझ्या पगारातून जातील. पैसे मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. कार्ड माझ्या नावावर आहे, मी फेडेन. तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरायची तुमची हत्यारं इथंच आहेत. कामाला लागत असतील तर येऊन घेऊन जा. मी घरी नसले तर किल्ली शेजारी असते.

आईंना जयभीम सांगा.

दिशा


जळोची, ३१ ऑगस्ट

अहो,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

रेंजचं मी खोटं लिहिलं होतं. ते मनाला लागून राहिलंय.

जुन्या कार्डाचा जूनचा हप्ता चुकला. तारीख विसरले असं मी बँकेला सांगितलं, पण विसरले नव्हते. तुमच्याशिवाय भाडं भरायचा तो पहिला महिना होता, हातात पैसे उरले नव्हते. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. आधी एक मुलगी बोलायची, नीट बोलायची. मग पुरुष. सकाळपासून सुरू व्हायचे. एकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या घराचं दार निळं आहे ना? आम्ही समोरच उभे आहोत." मी खिडकीचा पडदा सरकवून बघितलं. समोर कुणी नव्हतं. पण दार निळं आहे हे त्याला माहीत होतं.

जुलैत एक माणूस लॅबमध्ये आला. चाळिशीचा असेल, पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर घाम. शुगर तपासायची म्हणाला. लॅबमध्ये माझ्याबरोबर पिंकी असते, तिनं पावती केली आणि त्याला माझ्याकडे पाठवलं. मी दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळा म्हणाले. सुई आत गेली आणि रक्त यायला लागलं, तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "दिशा मॅडम, एक लाख एकेचाळीस. कधी देताय?"

सुई त्याच्या शिरेत होती. माझा हात हलला असता तर त्याला लागलं असतं. मी हात हलू दिला नाही. पूर्ण ट्यूब भरली, सुई काढली, कापूस ठेवला. हात दुमडून धरा, असंही म्हणाले. तो म्हणाला, "रिपोर्ट न्यायला उद्या येतो. तोवर तुमच्या डॉक्टरसाहेबांना काही बोलत नाही." मानसिंग डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. नोकरी गेली तर काय, या विचारानं मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

त्याचं रक्त मीच तपासलं. शुगर खरंच फार होती, तीनशेच्या वर. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा कागद देताना मी सांगितलं, आजच डॉक्टरांना दाखवा, हे साधं नाही. त्यानं कागद वाचला. "मला काही होत नाही हो," म्हणाला. मग बराच वेळ बाकड्यावर बसून राहिला आणि पैशाचं एक अक्षर न बोलता निघून गेला.

त्याच दिवशी मी नवीन सिम घेतलं आणि पगाराच्या बँकेत गेले.

ट्रान्सफर झाल्यापासून कुणी आलेलं नाही. जुन्या बँकेचं देणं उरलं नाही म्हटल्यावर कोण येईल? मला हे समजतं. पण भीती समजुतीनं जात नाही. घरासमोर मोटारसायकल थांबली की मी गॅस बंद करते, कशासाठी ते माहीत नाही. आता सकाळी घरोघरी रक्त घ्यायलाही जाते, त्याचे वेगळे पैसे मिळतात. अनोळखी घरात शिरताना चप्पल दाराकडे तोंड करून काढते, पटकन निघता यावं म्हणून. कुणीही दंड पुढे केला की आधी त्याचं तोंड बघते.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. लिहायला लागलं की थांबत नाही.

दिशा


जळोची, ५ ऑक्टोबर

अहो,

गुरुवारी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. इथल्या विहारात गेले होते. वंदना झाल्यावर बायकांनी विचारलं, बुद्धघोषभाऊ दिसले नाहीत? मी म्हटलं, गावाकडं काम निघालंय. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. खीर न खाताच मी घरी आले.

सप्टेंबरात मला ताप आला होता. सगळ्या जळोचीत साथ होती. सांधे असे धरले की भांडं उचलवत नव्हतं. आठवडाभर कामावर गेले नाही, पगार कापला गेला, सकाळचं रक्त घ्यायचं काम तर बंदच होतं. आणि हप्त्याची तारीख आली.

त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवरून पैसे भरायचा प्रयत्न करत होते. गोल चक्र फिरायचं आणि काही वेळानं पुन्हा प्रयत्न करा असं यायचं. दुपारपर्यंत तेच. त्या बाईंचा शब्द कानात होता, एक हप्ता चुकला की सवलत संपली, सगळ्या रकमेला जुनं व्याज. शेवटी एटीएममधून पैसे काढले आणि बँकेकडे चालायला लागले. रिक्षाला पैसे होते, पण ते हप्त्यातले होते. मधे दोनदा बसले. एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा नुसती रस्त्याच्या कडेला.

पोचले तर शिपाई दाराची जाळी ओढत होता. "वेळ झाली ताई. उद्या या."

"उद्या चालणार नाही दादा."

"रोजच असं म्हणतात सगळे."

मी जाळीत हात घातला. त्यानं ओढली असती तर बोटं सापडली असती. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाळी मागे घेतली. आतला कॅशियर म्हणाला, "एवढं काय घाबरायचं, एक दिवस उशीर झाला तर पाचशे-सातशे दंड बसतो." मला त्याला समजावून सांगायचं होतं, पण दातावर दात वाजत होते. त्यानं पावती दिली. अकरा हजार भरले. दरवेळी अठरा भरते.

हिशेब आधीही पुरता बसत नव्हता, आता तर मुळीच नाही. पुढचे सगळे हप्ते नीट भरले तरी जानेवारीअखेर पन्नास हजारांच्या आसपास राहतील. आणि ते राहिले की पुन्हा तेच चाक सुरू. मग मी दुसरी कुठली तरी बँक शोधेन, तिकडे ट्रान्सफर करेन, मग तिसरी. पिंकीच्या ओळखीत एक जण असं चार वर्षं करतोय. एका कार्डाचं दुसऱ्यावर, रिकामं झालं की पुन्हा वापर. त्याला आता सात कार्डं आहेत.

नवीन कार्ड मी पिंकीकडे ठेवायला दिलंय. तापात औषधं आणायची होती तेव्हा हात त्या कार्डाकडेच गेला होता. मला माझीच भीती वाटली.

तुम्ही मला उत्तर का देत नाही?

दिशा


जळोची, १६ नोव्हेंबर

अहो,

पिंकीची मावशी कळसची. ती सांगत होती, तुम्ही गावात राहतच नाही. कुठं गेला ते आई कुणाला सांगत नाहीत. कुणी विचारलं की आत जातात आणि दार लोटून घेतात.

मी एकच विचारते. दुसरं घर मांडलं असेल तर मला लिहून कळवा. मी आडवी येणार नाही. फक्त आधी मला मोकळं करा आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नका. मूल हवं वाटणं हा काही गुन्हा नाही. मलाही वाटत होतं.

तिसऱ्या ट्रीटमेंटनंतर माझ्या रक्ताची तपासणी मीच लॅबमध्ये केली होती. तुम्ही बाहेर बाकड्यावर होता. मी दारात आले, "नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. तुम्ही त्यावर मला कधीच काही बोलला नाही. महिनाभर जेवलात, झोपलात, कामावर गेलात आणि मग एक दिवस पिशवी भरलीत. मी तुमच्याजवळ बसायला पाहिजे होतं का? मी बसले असते तर मला उठता आलं नसतं. लॅब भरलेली होती.

हे पत्र छोटंच ठेवते. तुम्ही वाचता की नाही हेही माहीत नसताना लिहायचं म्हणजे विहिरीत बोलल्यासारखं वाटतं.

दिशा


जळोची, १२ डिसेंबर

अहो,

आज जुन्या बँकेत गेले होते. जुलैपासून मी त्या रस्त्यानंही जात नव्हते. पण पगाराच्या बँकेतल्या बाई रागावल्या. म्हणाल्या, कार्ड कापून उपयोग नसतो, खातं चालूच राहतं. वर्षाची फी लागेल, ती थकेल, मग तिला व्याज, आणि पुन्हा फोन सुरू होतील. लेखी अर्ज देऊन बंद करून या. फोनचं नाव काढल्यावर मी गेले.

तिथल्या मुलानं संगणकात बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे असं लगेच बंद करता येणार नाही."

म्हटलं, अजून काही राहिलंय का?

"तुमचं नाही राहिलं. आमच्याकडेच तुमचे जास्तीचे आलेत. चाळीस हजार."

अहो, खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मी आणखी घाबरले. अनोळखी लोक आधी पैसे टाकतात आणि मग धमकावून दुप्पट मागतात, असं ऐकलेलं. मला वाटलं, तो पांढऱ्या शर्टाचा माणूस. मी म्हणाले, "माझे नाहीत. मी मागितले नव्हते. ज्याचे असतील त्याला परत करा, मला त्यात अडकवू नका." माझा आवाज चढला असणार, कारण रांगेतले लोक बघायला लागले.

त्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "पाच वेळा आलेत. ऑगस्टपासून दर एक तारखेच्या आसपास, आठ-आठ हजार. पाठवणाऱ्याचं नाव आहे ना इथं. बुद्धघोष ज्ञानू. ओळखता का?"

मी खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं, फरशीवरच बसले. कुणीतरी पाण्याची बाटली दिली.

"कोण आहेत हे?" त्या मुलानं विचारलं.

"माझे मिस्टर," मी म्हणाले.

बाहेर आले, रस्ता ओलांडला, रसवंतीच्या सावलीत उभी राहिले. दोन-चार मिनिटं मला फार बरं वाटलं. इतकं बरं कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं. तुम्ही रिकाम्या कार्डावर पैसे भरताय. ते रिकामं झाल्याचं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. म्हणजे तुम्ही माझं एकही पत्र वाचलेलं नाही.

मग ती गेली कुठं? कुणी वाचली? त्यात लॅबमधला माणूस आहे, दुसऱ्या घराचं आहे, बाकड्याचं आहे. आणि ज्यानं मला एक ओळ लिहिली नाही असं मी चार महिने मनात धरून बसले, त्याला माझी एक ओळ मिळालेलीच नाही.

ते पैसे काढून घ्यायचा अर्ज मी दिला नाही. तुमचे आहेत, तुम्हाला विचारल्याशिवाय नको.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पोस्टावरचा माझा विश्वास उडाला. पुढच्या रविवारी सुट्टी आहे, त्या दिवशी मीच कळसला येते. तुम्ही तिथं नसाल हे माहीत आहे. तरी येते.

दिशा


कळस, २१ डिसेंबर

अहो,

हे पत्र तुमच्या घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवणार आहे. हे आधी वाचा, मग खालची क्रमानं.

सकाळच्या एसटीनं आले. दार आतून लावलेलं होतं. हाक मारली तर आतून आवाज आला, "कोन हाय? घरात कुनी न्हाय."

"आई, मी दिशा."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. आईंनी आधी माझ्या मागं रस्त्याकडे बघितलं. "येकलीच हायस?" मग मला आत ओढलं आणि कडी पुन्हा घातली. फार खंगल्यात त्या. मी पाया पडायला वाकले तर मला धरून रडायलाच लागल्या.

तुम्ही निरवांगीला आहात, तिथल्या मोटारींच्या दुकानात कामाला, तिथंच राहता आणि पंधरवड्यानं येता, हे त्यांनी कानाशी तोंड आणून सांगितलं. घरात आम्ही दोघीच होतो.

"हळू का बोलताय आई?"

"त्यो ऐकंल म्हून."

"कोण?"

मग सगळं निघालं. आखाडात एक जण आला होता. पांढरा शर्ट. कार्डाच्या फॉर्मवर आपण कळसचा पत्ता दिला होता. तुम्ही शेतात होता. आईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला. "लई गोड बोलला बघ," आई म्हणाल्या. "म्हनला, आजी, सुनंनं कर्ज काढलंय. आता ब्यांकंची कागदं येत्याल. कागदं आली की मागनं जप्ती. आन जाताना शेळ्या मोजून गेला."

तुम्हाला त्यांनी हे सांगितलं नाही. तुम्ही आधीच जेवत नव्हता, बोलत नव्हता. पोरगा जिवाचं काही करून घेईल, ही त्यांची भीती. आणि मग ऑगस्टात पोस्टमन पाकीट घेऊन आला.

"मला कुठं वाचाय येतं? पाकिटावरचा सरकारी छाप बघितला आन वाटलं, ब्यांकंचाच कागद हाय. कुनाकडनं वाचून घ्यावं तर गावात बोभाटा. तुज्याकडनं पत्र येईल हे मनातबी आलं न्हाय. तू तर फोनवाली."

ज्वारीच्या कणगीत त्यांनी चारही पाकिटं खुपसून ठेवली होती. एकही फोडलेलं नव्हतं. मी विचारलं, जाळून का नाही टाकली? तर म्हणाल्या, "सरकारी कागद जाळला तर त्येचा आनि येगळा गुन्हा लागंल." मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मी त्यांना सांगितलं की बँकेचं काही नाही, जप्ती नाही, तो माणूस आता येणार नाही. चार वेळा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मी बाहेर ओट्यावर आले तशी आतून कडी लावून घेतली. मला त्यांचा राग आला नाही. मी जळोचीत तेच करते.

दुपारी निरवांगीला यायचं ठरवून स्टँडवर गेले होते. गाडी आली. चढायला पाय उचलला आणि खाली ठेवला. कंडक्टर म्हणाला, येताय का बाई? मी म्हटलं, माझी गाडी नाही. माझीच होती.

काय सांगू, कशाची भीती वाटली ते. तुम्ही दुकानात मान खाली घालून काम करत असाल, मी समोर उभी राहीन, तुम्ही वर बघाल. त्या क्षणी तुमच्या तोंडावर काय दिसेल, ते बघायची हिंमत झाली नाही.

पैशाचं सांगून ठेवते. तुमचे चाळीस मिळाले आणि जानेवारीचा माझा हप्ता धरला, तर दहा हजार कमी पडतील. तेवढे मी कुठून तरी करते. तुम्ही आता त्या कार्डावर टाकू नका. टाकायचे असतील तर बोलून टाका.

आई म्हणाल्या, येत्या रविवारी तुम्ही याल, तेव्हा गठ्ठा तुमच्या हातात देतील. मी त्यांच्याकडून वचन घेतलंय. नंबर पहिल्या पत्रात आहे. पण घाई करू नका. सगळं वाचून झाल्याशिवाय काही ठरवू नका.

दिशा


निरवांगी, २९ डिसेंबर

दिशा,

जयभीम. काल आईनं गठ्ठा दिला. देताना हात जोडत होती. मी तिला काय बोललो न्हाय, तूबी बोलू नकोस.

तिथं वाचला न्हाय. हितं आणला. आज दुकानात एकाची मोटार खोलून ठेवली होती, ती तशीच ठेवून वाचत बसलो. गिऱ्हाईक दोनदा म्हणालं, पाणी धरायचंय, आटपा. मालकानं त्याला गप केलं. तू सांगितल्यासारखं वरचं आधी, मग बाकीची. लॅबमधल्या माणसाचं वाचलं तेव्हा उठून बाहेर गेलो. तेव्हा मी कळसात घोंगडं घेऊन पडलो होतो.

माझा फोन जूनमधी विहिरीत पडला. मोटार वर वढताना वरच्या खिशातनं गेला. नवा नंबर घेऊन तुला लावला तर तुझा बंद. मला वाटलं, तू मुद्दाम बंद केलास. दोनदा जळोचीपतोर आलो. पाण्याच्या टाकीपासनं गाडी वळवली. तू चढली न्हाईस तसंच.

बाकड्याचा राग न्हवता. तू नाही म्हणालीस आणि पुढच्याला हाक मारलीस. मला वाटलं, ही उभी हाय आणि मी गडी माणूस, मला उठता येईना. त्याची लाज वाटायची. रोज तुझ्यासमोर जेवताना वाटायची. म्हणून निघालो. तू पण पडली असतीस हे मला कळलं न्हाय. तू लिहिलंस तेव्हा कळलं.

दुसऱ्या घराचं परत कधी लिहू नकोस.

पैशाचं. मला ते ट्रान्सफर वगैरे काय माहीत न्हवतं. मला एवढं ठाऊक होतं की तुझा फोन लागत न्हाय, घरी यायची हिंमत न्हाय, आणि कार्डाचा नंबर तेवढा माझ्याकडं लिहिलेला हाय. त्याच्यावर पैसे जात होते. गेल्याचा मेसेज आला की वाटायचं, आता दिशाला कळलं आसंल, मी हाय म्हणून. महिनाभर तेवढ्यावर जायचा.

ते चाळीस काढून घे आणि भर. विचारायचं काय त्यात. कमी पडत्यात ते दहा मालकाकडनं उचल घेतले. आता माझ्याजवळ हायेत.

तुझा नंबर समोर हाय. सकाळपासनं तीनदा लावून कापला. फोनवर मला बोलता यायचं न्हाय म्हणून लिहितोय.

दहा हजार पाठवायचे तर कुठल्या कार्डावर ते लिही. घेऊन यायचे तर येऊ का ते लिही. तू काय लिहिशील ह्याचं भ्या वाटतंय, तरी लिही.

बुद्धघोष